गोलाणीतलं जुन्या कॅसेट-डीव्हीडीचं दुकान, आणि एकाच पिक्चरचे चार-चार व्हर्जन

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल रिपेरिंग आणि कॉम्प्युटरच्या दुकानांच्या गर्दीत जुन्या व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडीचं एक दुकान अजून चालू आहे, आणि जुने पिक्चर मनापासून बघणाऱ्या माणसासाठी अख्ख्या खानदेशात एवढं कामाचं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. दुकानाचं नाव टाकत नाही कारण मालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते एकटेच सगळं बघतात आणि नाव टाकू नका म्हणाले, पण गोलाणीत जाऊन जुन्या कॅसेटवाले नाना विचारलं की कुणीही दाखवतं.

दोन कामं होतात तिथे. एक म्हणजे सेकंडहँड पण ओरिजिनल डिस्क विकत मिळतात, आणि दुसरं, आपल्या घरच्या व्हीएचएस कॅसेटवरचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरच्या फाईलमध्ये उतरवून मिळतं. पेनड्राईव्हमध्ये पिक्चर भरून द्या म्हणणाऱ्याला नाना सरळ नाही म्हणतात, माझ्यासमोर म्हणाले. मी चाळीसगावची, अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटची एक पेटी घरात होती ती घेऊन मी गेले होते, आणि तिथे गेल्यावर कळलं की या माणसाला पिक्चरचं नाव सांगून भागत नाही. शोले आहे का विचारलं तर म्हणाले, ताई, कोणता पाहिजे?

आता आपण म्हणणार शोले तो शोले, कोणता काय. पण नानांकडे त्या दिवशी शोलेचे तीन वेगवेगळे शोले होते, आणि ते काऊंटरवरच्या जुन्या टीव्हीवर लावून दाखवतात, त्याचे पैसे घेत नाहीत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा अर्धा अर्धा तास दाखवतात. हे मला या दुकानाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वाटलं म्हणून त्याबद्दल नीट लिहिते.

शोले १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात ठाकूर खिळ्याच्या बुटांनी गब्बरला मारून टाकतो, पण एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतला असं दाखवायला सेन्सॉरने नकार दिला, म्हणून शेवट पुन्हा शूट करावा लागला आणि पोलीस ऐनवेळी येऊन ठाकूरला थांबवतात असा झाला. इमामसाहेबांच्या अहमदला, म्हणजे सचिनच्या पात्राला, गब्बर कसा मारतो तेही कापलं गेलं. आपल्या आईवडिलांनी थेटरात बघितला तो हा, १९८ मिनिटांचा. मूळ शेवट असलेला २०४ मिनिटांचा पिक्चर लोकांसमोर पहिल्यांदा आला तो १९९० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएसवर. म्हणजे पंधरा वर्षं थेटरात, यात्रेतल्या तंबूत, सगळीकडे पोलीसवाला शेवटच चालला, आणि खरा शेवट बाहेर आला तो प्लास्टिकच्या कॅसेटमधून. कॅसेट म्हणजे थेटरची गरीब नक्कल असं आपण धरून चालतो, इथे उलटं झालं.

पुढे डीव्हीडी निघाल्या त्यात अजून गंमत. २०४ मिनिटांचा, मूळ शेवटवाला जो आला तो जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात, आणि रुंद पडद्याच्या आकारात जो आला तो १९८ मिनिटांचा, सेन्सॉरवाला. पूर्ण गोष्ट पाहिजे तर चौकट सोडा, चौकट पाहिजे तर गोष्ट सोडा. नानांकडे दोन्ही आहेत, आणि गिऱ्हाईक घाईत नसेल तर दोन्हीमधला एकच सीन पाठोपाठ लावतात. मी ठाकूर आणि गब्बरचा शेवटचा सामना बघितला आणि मूळ शेवट बघताना अंगावर काटा आला, कारण ठाकूरचा चेहरा तिथे सुडाने भरलेला नाही, मारून झाल्यावर तो रिकामा झालाय, रडतो. पोलीस येतात त्या शेवटात हे सगळं पोहोचायच्या आधीच भाषण सुरू होतं. लहानपणापासून पाठ असलेला पिक्चर मला त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण कळला असं मी म्हणेन.

चौकोनी आकाराबद्दल नानांनी एक गोष्ट समजावली ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. शोले शूट झाला साध्या ३५ एमएमवर आणि नंतर मोठा करून ७० एमएमच्या प्रिंट काढल्या, त्यासाठी वरचा आणि खालचा भाग कापून चित्र रुंद केलं, उंचीच्या सव्वादोनपट रुंदी म्हणा. म्हणून चौकोनी डीव्हीडीत खरं तर चित्र जास्त दिसतं, वर जास्त आकाश, खाली जास्त जमीन. पण ते जास्त दिसणं फायद्याचं नाही कारण ते थेटरात दाखवायचंच नव्हतं, घोडे दौडतात तेव्हा रुंद चौकटीत ते पडदाभर वाटतात आणि चौकोनी चित्रात मध्येच कुठेतरी पळताना दिसतात. आता २०२५ च्या जूनमध्ये फिल्म हेरिटेज फाऊंडेशनने दुरुस्त केलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या फेस्टिवलला दाखवली, त्यात मूळ शेवटही आहे आणि रुंद चौकटही. पन्नास वर्षांनी दोन्ही एकत्र आलं. ते झालं तरी नानांकडच्या जुन्या प्रती मी टाकाऊ म्हणणार नाही, कारण १९७५ ला लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या पोलीसवाल्या शेवटाला, तो व्हर्जनसुद्धा इतिहासच आहे आणि नव्या प्रतीच्या नादात तो पुसला जाऊ नये.

तिसरी होती व्हीसीडी. तीन डिस्कचा सेट. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं आणि एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, त्यामुळे साडेतीन तासांचा पिक्चर तीन तुकड्यांत येतो आणि तुकडा कुठे पडेल याचा कुणी विचार केलेला नसतो. गर्दीच्या सीनमध्ये चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसतात. व्हीसीडी विकत घेऊ नका, एवढंच म्हणते, पण ज्या वस्तूने गावागावात पिक्चर पोहोचवले तिचा मान ठेवूनच म्हणते, कारण २००७ च्या आसपास मोझर बेअरने २८ रुपयात व्हीसीडी आणि ३४ रुपयात डीव्हीडी काढल्या तेव्हा आमच्या गल्लीत कितीतरी घरांत पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचा पिक्चर आला, त्याआधी तो भाड्याने यायचा. मालेगावच्या पोरांनी व्हिडिओवर स्वतःचे पिक्चर बनवले तेही याच काळात वाढले, शोलेचा मालेगावी अवतार आठवत असेलच.

आता वेळेची गोष्ट, आणि डिस्क विकत घेणाऱ्याने ही नक्की समजून घ्यावी कारण यात माणूस सहज फसतो. पिक्चर शूट होतो सेकंदाला २४ चित्रांनी. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, तो सेकंदाला २५ दाखवतो. मग बऱ्याच कंपन्या साधा उपाय करतात, २४ चा पिक्चर २५ च्या वेगाने पळवून टाकतात. तीन तासांच्या पिक्चरमधली सव्वासात मिनिटं अशीच उडतात, एकही सीन न कापता. म्हणजे २०४ मिनिटांचा न कापलेला शोले पाल डिस्कवर १९६ मिनिटांचा भरतो, आणि कव्हरवर १९६ वाचून कुणीही म्हणेल की हा तर १९८ वाल्यापेक्षाही कापलेला आहे. उलट अमेरिकेतल्या पद्धतीच्या एनटीएससी डिस्क आपल्याकडेही भरपूर विकल्या गेल्या, त्यात वेग मूळचाच राहतो. म्हणून नाना कव्हरवरची मिनिटं बघतात तेव्हा आधी डिस्क पाल का एनटीएससी ते बघतात, मग हिशोब करतात. मला म्हणाले, "ताई, टाईम नुसता वाचाना नही, पहिले कोणती डिस्क शे ते देखानं."

वेग वाढला की आवाजही वर चढतो, आणि हे मला पेटी वाजवत असल्यामुळे जास्त टोचतं. चढतो किती तर जवळजवळ अर्ध्या स्वराचा पाऊण हिस्सा. आता श्यामची आईमधलं भरजरी गं पितांबर घ्या, १९५३ चा पिक्चर, अत्रेंचे शब्द, वसंत देसाईंचं संगीत, आशाबाईंचा आवाज, आमच्या भजनी मंडळात हे गाणं दर वेळी होतं. रेकॉर्डवरून बसवलेली पट्टी वेगळी आणि पळवलेल्या डिस्कवरची वेगळी, आणि डिस्कवरची पट्टी पेटीच्या दोन सुरांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळते, कोणताही सूर धरला तरी लागत नाही. ब्लू-रेवर पिक्चर सेकंदाला २४ नेच चालतो त्यामुळे तिथे हा त्रास नाही, पण श्यामची आईसारखे पिक्चर चांगल्या ब्लू-रेवर असायला हवेत ना. साने गुरुजी अमळनेरला शिकवत होते, त्या प्रताप हायस्कूलच्या गावाच्या जिल्ह्यातच बसून मला त्यांच्या आईवरच्या पिक्चरची धड प्रत मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला पिक्चर आहे तो.

अजून एक हिशोब नानांकडून शिकले आणि तो मी आता प्रत्येक डिस्कवर करते. पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं, आपण ते बघत नाही, पण त्याच्यावर रीळ किती आणि लांबी किती मीटर ते लिहिलेलं असतं. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट म्हणजे २७ मीटरपेक्षा थोडी जास्त पळते. लांबी ४००० मीटर असेल तर पिक्चर साधारण १४६ मिनिटांचा. डिस्कवर त्याच पिक्चरची १४० मिनिटं असतील तर घाबरायचं नाही, पालचा वेग. १२० असतील तर मात्र कुठेतरी कात्री लागलीये. आणि त्याच सर्टिफिकेटवर खाली कोपऱ्यात त्रिकोण दिसला तर समजायचं की बोर्डानेच काही कापायला लावलं होतं, म्हणजे थेटरातसुद्धा पूर्ण दिसला नव्हता. फक्त एक लक्षात ठेवा, व्हिडिओसाठी वेगळं सर्टिफिकेट घेतलेलं असेल तर लांबी त्या व्हिडिओचीच असते, मग तुलना थेटरच्या सर्टिफिकेटशीच करायला पाहिजे.

थेटरात जे दिसलं तेच खरं, असं ठामपणे म्हणणाऱ्यांनाही मी हे सांगेन की कोणतं थेटर? मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षं शोले चालला तो ७० एमएमवर, आपल्याकडे छोट्या गावांत आला तो ३५ एमएमवर. भुसावळला सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, म्हणजे पिक्चर वाटणाऱ्यांच्या आणि थेटरवाल्यांच्या संघटनेचं ऑफिस, आपला भाग फिल्म धंद्यातला जुनाच, पण मोठ्या शहरात महिनोन्महिने चाललेली प्रिंट पेट्यांमधून गावी यायची तोवर तिची पार चाळण झालेली असायची. रीळ तुटलं की ऑपरेटर दोन-चार चित्रं कापून जोडायचा, प्रत्येक रिळाच्या शेवटी ओरखडे, गाण्याचा एक शब्दच गायब. शेवटची बस चुकू नये म्हणून एखादं गाणं गाळलं जायचं. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत ज्यांनी तंबूत पिक्चर बघितले त्यांना विचारा. म्हणजे प्रत्येक गावाचा शोले थोडा थोडा वेगळा होता.

चौकटीचं मी वर शोलेपुरतं लिहिलं, पण त्याची उलटी बाजू जास्त वाईट आहे. कागज के फूल १९५९ चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. हा खरोखरच रुंद शूट झालेला, उंचीच्या २.३५ पट, वर-खाली लपवलेलं काही नाही. हा चौकोनी टीव्हीत भरायचा तर डावी-उजवी बाजू कापावी लागते, आणि हिशोब केला तर चित्राचा जवळजवळ ४३ टक्के भाग जातो. वक्त ने किया या गाण्यात वहिदा रहमान एकीकडे, गुरुदत्त दुसरीकडे, मधे व्ही. के. मूर्तींनी पाडलेला तो उजेडाचा झोत आणि रिकामी जागा, सगळं दुःख त्या रिकाम्या जागेत आहे. चौकोनी टीव्हीवर दोघांपैकी एकच दिसतं, किंवा कॅमेरा एकाकडून दुसरीकडे सरकल्यासारखं दिसतं जे मूर्तींनी कधी केलंच नव्हतं. मी कॉलेजमध्ये हा पिक्चर कॅसेटवर बघून हे गाणं उगाच गाजलंय असं मत करून बसलेल्या मैत्रिणींना ओळखते, आणि त्यांची चूक नाही, त्यांनी ते गाणं बघितलंच नव्हतं. नानांनी कॅसेट आणि रुंद डीव्हीडी एकामागे एक लावली तेव्हा दुकानात मोबाईलची काच बदलायला आलेला एक मुलगा पण थांबून बघत राहिला.

बघा म्हणजे, शोलेची चौकोनी प्रत आणि कागज के फूलची चौकोनी प्रत, दोन्हीचा आकार एकच, पण एकात जास्तीचं उघडं पडलंय आणि दुसऱ्यात हक्काचं कापलं गेलंय. डिस्कच्या मागे फुल स्क्रीन एवढंच लिहून विकणाऱ्यांनी हे सांगायला पाहिजे आणि कुणीच सांगत नाही.

आणि आता नवीन टीव्ही रुंद झाल्यावर तिसराच प्रकार सुरू झालाय. प्रभातचे पिक्चर, श्यामची आई, पन्नास सालापर्यंतचे जवळपास सगळेच मुळात चौकोनी. ते रुंद टीव्हीवर काळ्या पट्ट्या सोडून दाखवायला हवेत, पण पट्ट्या दिसल्या की बघणाऱ्याला पूर्ण चित्र नाही असं वाटतं म्हणून चित्र एकतर आडवं ताणतात, माणसं बुटकी आणि गोल होतात, नाहीतर वरून खालून चौथा हिस्सा कापतात. डोक्यावरचा पदर जातो, जमिनीवरचे पाय जातात. आमच्या चाळीसगावात केकी मूस यांच्या घरात त्यांचे फोटो आहेत, टेबलावर मांडून केलेले, एक एक वस्तू मोजून मापून ठेवलेली. त्यातला एखादा फोटो भिंतीवर बसत नाही म्हणून कुणी वरून चार बोटं कापला तर सगळं गाव उठेल, पण तेच पिक्चरला रोज होतं आणि कुणी उठत नाही.

टीव्हीवरच्या व्हर्जनबद्दल थोडंच लिहिते कारण बहुतेक सगळ्यांना अनुभव आहे. वेळेत बसवायला गाणी जातात, इंटरव्हलची पाटी जाते, सुरुवातीची नावं जातात, कोपऱ्यात चॅनलचा लोगो, खाली पट्टी. ए सर्टिफिकेटचा पिक्चर टीव्हीला दाखवायचा तर पुन्हा सेन्सॉर करून खालचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं त्यामुळे त्याचं टीव्ही व्हर्जन हे कायमचं वेगळं असतं, आणि कधी कधी पुढे तेच सगळीकडे फिरतं. २०१२ च्या २ ऑक्टोबरपासून सिगारेटच्या सीनला सूचनेची ओळ आली, जुन्या पिक्चरलासुद्धा. सूचनेला माझा विरोध नाही, पण ती ओळ चिकटलेलीच प्रत जर पुढे जपून ठेवली गेली तर मूळ चित्र कुठून आणणार हा प्रश्न मला खरा वाटतो.

पण अण्णांच्या कॅसेट बघितल्यावर टीव्ही व्हर्जनबद्दल माझं मत थोडं बदललं आहे. दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी पिक्चर लागायचा, ते रेकॉर्ड बटण दाबून बसायचे, जाहिरात लागली की थांबवायचे आणि पिक्चर सुरू झाला की परत चालू करायचे, त्यात दर वेळी दोन-चार सेकंद हुकायचे. साधी कॅसेट १८० मिनिटांची, त्यामुळे मोठ्या पिक्चरचा शेवट दुसऱ्या कॅसेटवर, दुसऱ्याच कुठल्या तरी पिक्चरच्या मागे. पण काही ठिकाणी ते जाहिरात थांबवायला विसरलेत, आणि तिथे निवेदिका आहे, साबणाच्या जाहिराती आहेत, रुकावट के लिए खेद है ची पाटी आहे. हे कोणत्याही डीव्हीडीत नाही आणि कुठलीही कंपनी कधी काढणार नाही. आपल्याकडे लोकांनी पिक्चर कसा बघितला याची ही एकमेव नोंद आहे, म्हणून मी नानांना सांगितलं की जाहिराती काढू नका, सगळं आहे तसं उतरवा, आणि ते म्हणाले की मी कुणाच्याच काढत नाही.

आता उतरवून देण्याच्या कामाचा रिव्ह्यू. काम चांगलं आहे, पण सांगून करून घ्यावं लागतं. आधी ते कॅसेट उघडून टेपवर पांढरी बुरशी आहे का बघतात, असली तर साफ केल्याशिवाय व्हीसीआरला लावत नाहीत, कारण एका बुरशीवाल्या कॅसेटने व्हीसीआरचा टेप वाचणारा हेड खराब होतो आणि मग पुढच्या गिऱ्हाईकाची कॅसेटही घाण होते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री आणि मग एकदम पावसाळ्याचा दमटपणा, माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटचं काय होणार. माझ्या दोन-तीन कॅसेटला बुरशी होती, त्यांनी वेगळे पैसे सांगितले आणि ते योग्यच होते. उतरवण्याचे तासावर पैसे घेतात, कॅसेटवर नाही, अर्धी रिकामी कॅसेट असेल तर तुमचा फायदा.

जे नीट नाही ते असं. पहिली फाईल मिळाली ती रुंद टीव्हीसाठी ताणलेली होती, म्हणजे जो माणूस चौकटीवर एवढं बोलतो त्याच्याच दुकानात कामाला येणाऱ्या पोराने सॉफ्टवेअरमध्ये आकार चुकीचा ठेवला होता. नानांना दाखवल्यावर त्यांनी लगेच पुन्हा करून दिली, पैसे घेतले नाहीत, पण ज्याला हे कळत नाही तो तशीच फाईल घरी घेऊन जाणार. दुसरं, फाईल फार बारीक करून देतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता यावी म्हणून असेल, त्यात हलणाऱ्या गोष्टींच्या कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतात, कारण टीव्हीचं चित्र अर्धं अर्धं करून दोन वेळा येतं आणि ते नीट सोडवलेलं नसतं. म्हणून सुरुवातीलाच सांगायचं की मोठी फाईल द्या, ७२० बाय ५७६ ची, आकार ४:३ चा ठेवा आणि स्वतःची हार्डडिस्क घेऊन जायची. तिसरं, चालू व्हीसीआर एकच आहे, तो बिघडला की सुट्या भागांसाठी थांबावं लागतं, माझं काम त्यामुळे बरंच लांबलं. फोन करून विचारलं की खरं सांगतात, उद्या देतो परवा देतो करत नाहीत.

डिस्कच्या मांडणीत शिस्त नाही. शेल्फवर धूळ आहे, मराठी-हिंदी एकत्र, पाल-एनटीएससी एकत्र, आणि कोणती प्रत कोणती हे फक्त नानांच्या डोक्यात. मी त्यांना म्हटलं की प्रत्येक कव्हरवर चिकटपट्टीने मिनिटं आणि आकार लिहून ठेवा, तुम्ही नसाल तेव्हा कुणाला काय कळणार. त्यांनी मान हलवली. पुढच्या वेळी गेले तेव्हा एक फळी झाली होती, शोले आणि मुघल-ए-आझमच्या फळीपासून सुरुवात केली होती.

मुघल-ए-आझमचं पण सांगते कारण तिथे गिऱ्हाईक हमखास चुकीची डिस्क उचलतं. १९६० चा मूळ पिक्चर १९७ मिनिटांचा, बहुतेक कृष्णधवल आणि प्यार किया तो डरना क्या सारखे काही भाग रंगीत. २००४ मध्ये पूर्ण रंगीत करून थेटरात पुन्हा लावला तो साधारण वीस मिनिटांनी कमी, आणि त्याचा वाद्यवृंदही नव्याने रेकॉर्ड केलेला, गाणाऱ्यांचे आवाज फक्त जुने ठेवून. दुकानात लोक रंगीत बघून खूश होतात. मला रंगीत आवडत नाही, आणि कारण कुणी जुनाट म्हणेल याची पर्वा नाही: सगळा पिक्चर काळा-पांढरा असतो आणि शीशमहालात एकदम रंग येतो, अनारकली बादशहासमोर उभी राहून प्रेम कबूल करते त्याच क्षणी पडदा रंगतो. पहिल्यापासूनच सगळं रंगीत केलं तर त्या क्षणाला उरलं काय? नाना दोन्ही दाखवतात आणि मत विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मी मूळ कृष्णधवलवाली घेतली, डिस्कवर बारीक ओरखडा होता तो त्यांनी आधीच दाखवला आणि दीडशे सांगितले होते त्याचे शंभर घेतले.

प्रभातच्या पिक्चरच्या डिस्क त्यांच्याकडे थोड्या आहेत, त्या विकत नाहीत, फक्त दाखवतात. २००३ मध्ये पुण्याला नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली त्यात प्रभातच्या मूळ निगेटिव्ह गेल्या, तेव्हापासून जी प्रत जिथे आहे ती सांभाळायची असं ते म्हणाले. कुंकू आणि दुनिया न माने, माणूस आणि आदमी, शेजारी आणि पडोसी, एकाच सेटवर मराठी आणि हिंदी वेगवेगळे शूट केलेले जोडपिक्चर, त्यातल्या एका जोडीचे दोन्ही भाग त्यांच्याकडे आहेत. दोन्ही ओळीने बघायचे ठरलंय, भजनी मंडळातल्या दोघी-तिघी येणार आहेत, दुकानात खुर्च्या दोनच आहेत म्हणून सतरंजी घेऊन या म्हणालेत.

जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा, दुपारी दोन ते चार बंद असतं, उन्हाळ्यात पाचपर्यंत. यूपीआय चालतं पण बिल मागितलं तरच मिळतं. कॅसेट आणायची तर आधी उन्हात ठेवून वाळवू नका, घरी चालवून बघू नका, तशीच प्लास्टिकच्या डब्यात आणा. आणि पिक्चर मागताना नुसतं नाव सांगू नका, थेटरमधला पाहिजे, टीव्हीवर बघितलेला पाहिजे का पूर्ण पाहिजे ते सांगा, नसेल तर नाना वहीत लिहून घेतात आणि आला की फोन करतात. माझ्या नावापुढे त्या वहीत श्यामची आई लिहिलंय, एनटीएससी, न कापलेला.